सरासरी सहा तास चाळीस मिनिटं

पंचांच्या ब्लॉगला वाचक आहेत हे चार वर्षं कोणालाच माहीत नव्हतं, आणि या 'कोणालाच'मध्ये खुद्द पंचही आले. ते आपले दर रविवारी एक लेख लिहीत. काही माणसं रोज गार पाण्याने आंघोळ करतात आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही, तसंच हे.

ब्लॉगचं नाव 'एक पाय जमिनीवर'. विषय, चालण्याची शर्यत. पळण्याची नव्हे, चालण्याची. ही दुरुस्ती पंचांना आयुष्यात इतक्यांदा करावी लागली होती की आता ती नमस्काराच्या आधीच तोंडातून निघे. या खेळाला मुख्य नियम दोन. चालताना एक तरी पाय जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्या क्षणापासून बरोबर अंगाखाली येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. झालं, संपला खेळ. पण या संपलेल्या खेळावर पंचांनी दोनशेच्या वर लेख लिहिले होते आणि त्यातले साठ एकट्या गुडघ्यावर होते.

पोटापाण्यासाठी ते पाणीपुरवठा कार्यालयात मीटर-तक्रार विभागाचे हेडक्लार्क होते. पण तिथेही त्यांना साहेब कोणी म्हणत नसे, पंचच म्हणत. शहरातली चालण्याची शर्यत होती तोवर ते तिचे मुख्य पंच होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बायकोच्या सख्ख्या थोरल्या भावाला शेवटच्या फेरीत तिसरं लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं होतं. गुडघा वाकला होता. मेहुण्याच्या मते वाकला नव्हता. या प्रश्नावर दोन्ही घरांत अजून एकमत झालेलं नाही. पुढे शर्यतच बंद पडली, खर्च उचलायला कोणी उरलं नाही, आणि पंच शिट्टी, कार्डं आणि ठाम मतं यांच्यासह घरी बसले. ती शर्यत मरायच्या आत एकदा तरी पुन्हा सुरू व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मरायच्या आत म्हणजे त्यांच्या. शर्यत तर आधीच मेली होती.

"हल्ली लोक वाचत नाहीत हो पंच, ऐकतात," असं ऑफिसातल्या टायपिस्टबाई एकदा म्हणाल्या. तेव्हापासून पंच प्रत्येक लेख स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ब्लॉगवर टाकू लागले. एक लेख संपला की आपोआप पुढचा सुरू होई. रविवारी दुपारी त्यांच्या घरी आकाशवाणीपेक्षा कडक शिस्त असे. पंखा बंद. फ्रिजची पिन काढलेली. खिडक्या लावलेल्या. आणि बायको गॅलरीत, स्टुलावर. तिला बाहेर बसवायचं कारण असं की एकदा तिने स्वयंपाकघरात झाकण ठेवलं होतं. आपटलं नव्हतं, नुसतं ठेवलं होतं. पण आलं ना ते आवाजात! तेव्हापासून ती गॅलरीत. लेख वाचून झाला की पंच चष्मा काढून कुठेतरी ठेवत आणि तिला आत हाक मारत, मग ती चष्मा शोधून देई, मग पंचांना मशीन बंद करायचं बटण दिसे, आणि मग कुठे फ्रिज सुरू होई. रेकॉर्ड केलेलं पंच पुन्हा कधी ऐकत नसत. निर्णय दिला की मागे वळून पाहायचं नाही, हे त्यांचं मैदानावरचं तत्त्व होतं आणि ते त्यांनी घरातही लागू केलं होतं.

बायको कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे दाताच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या. तिथे ती प्लास्टरच्या हिरड्यांवर एकेक दात बसवी आणि पुढे बसवलेली कवळी टोचते का, हेही दवाखान्यात येणाऱ्यांना तीच विचारी. शहरातली अर्धी म्हातारी माणसं तिला चेहऱ्यावरून नव्हे, जांभईवरून ओळखू येत. पंचांच्या ब्लॉगबद्दल ती कधी बरंवाईट काही बोलली नव्हती. पंच याला उदासीनता म्हणत.

भानगड सुरू झाली ती वेबसाइट कंपनीच्या एका संदेशाने. तुमच्या खात्यावरची वर्दळ वाढली आहे, तरी खातं तुमचंच असल्याची खात्री करून द्यावी, अन्यथा ब्लॉग थांबवण्यात येईल. पंचांनी फोन लावला. आठ तऱ्हेचं संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"सर, खातं उघडताना तुम्ही एक गुप्त प्रश्न निवडला होता. तुमचा आवडता खेळाडू कोण?"

"पंचाला आवडता खेळाडू नसतो," पंच म्हणाले.

"सर, पण उत्तर द्यावं लागेल."

"हेच उत्तर आहे."

"सर, खेळाडूचं नाव सांगा."

"अहो बाई, मी तेव्हाही हेच लिहिलं होतं! पंचाला आवडता खेळाडू नसतो. ज्याला असतो तो पंच नसतो."

पलीकडे बराच वेळ टकटक ऐकू आली. "सर, तुम्ही शेवटी उद्गारचिन्ह दिलं होतं का?"

"दिलं असेल. मुद्दा तत्त्वाचा होता."

"मग ते पण म्हणा, सर."

पंचांनी ते वाक्य पुन्हा, उद्गारचिन्हासकट, इतक्या जोरात म्हटलं की वरच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी काय झालं म्हणून खाली आले. खातं मात्र सिद्ध झालं. "सर, वर्दळ खरीच आहे," मुलगी कौतुकाने म्हणाली. "तुम्ही आकडेवारीचं पान बघत नाही का?"

असं काही पान असतं हेच पंचांना ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं तिथे त्यांनी बोट दाबलं, आणि सेक्रेटरींच्या साक्षीने ते पान उघडलं. नियमित श्रोते, तीनशे बारा. पंचांनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. पण खरा धक्का खाली होता. एका श्रोत्याने एका वेळी ऐकण्याचा सरासरी काळ: सहा तास चाळीस मिनिटं.

"सहा तास?" सेक्रेटरी म्हणाले. "माझं लग्नसुद्धा एवढं चाललं नव्हतं."

पंचांनी आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला. चार वर्षं आपण भिंतीशी बोलतो आहोत असं वाटत होतं, आणि इथे तीनशे माणसं सहा-सहा तास जिवाचे कान करून गुडघ्याबद्दल ऐकत होती! त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी सेक्रेटरींना दिसू दिलं नाही, म्हणजे तसा प्रयत्न केला.

पुढचे काही दिवस त्या आकडेवारीवर जो तो आपापल्या वकुबानुसार भाष्य करू लागला. ऐकण्याची वेळ प्रामुख्याने रात्री साडेदहानंतरची होती. त्याखेरीज रविवारी दुपारी जेवणानंतर एक लहानसा उंचवटा होता. सेक्रेटरींनी छातीठोकपणे सांगितलं की ही मंडळी परदेशातली. आपल्याकडे रात्र तेव्हा तिकडे दिवस. ऑफिसातल्या साहेबांचं मत पडलं की सलग सहा तास हे ऐकायची पाळी आलेली माणसं शिक्षा झालेली असावीत. एखाद्या तुरुंगात लावत असतील. टायपिस्टबाईंना वाटलं, खेळाडू रात्री सराव करताना कानात घालून चालत असतील. हे मत पंचांना सर्वांत शास्त्रशुद्ध वाटलं. डोळ्यांपुढे त्यांना अंधाऱ्या रस्त्यांवरून सरळ गुडघ्यांनी चाललेले तीनशे तरुण दिसू लागले. श्रोत्यांचं वय साठीच्या पुढे असल्याचंही तिथे लिहिलेलं होतं, पण ते यंत्राची चूक म्हणून पंचांनी सोडून दिलं.

एक आकडा मात्र त्यांच्या डोळ्यांत सलत राहिला. लेख संपताच हाताने बंद करणारे श्रोते: एक. सगळे तहानभूक विसरून ऐकतच राहतात, आणि हा एक कोण दीडशहाणा, जो लेख संपल्या संपल्या बटण दाबून मोकळा होतो! दर रविवारचा नवा लेख तेवढा ऐकायचा, मग जुन्याकडे ढुंकून बघायचं नाही. "अशा माणसाने खेळाच्या वाटेला जाऊच नये," पंच बायकोला म्हणाले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "असेल त्याला काही काम."

हे सगळं मेहुण्याच्या कानावर न घालणं माणसाला शक्यच नव्हतं. मेहुणा रंगाच्या डब्यांचा व्यापारी, घेर दांडगा. त्या लाल कार्डापासून तो पंचांना कधी नुसतं भाऊजी म्हणत नसे. जावईबापू म्हणे, आणि त्या शब्दात जेवढं विष बसेल तेवढं भरी.

"तीनशे?" मेहुणा खो-खो हसला. "जावईबापू, तीस आणून दाखवा. जिवंत. खुर्चीत बसलेले. आणलेत तर मी पुन्हा तुमच्या शर्यतीत चालेन आणि गुडघा वाकला तर स्वतःच कार्ड दाखवून घेईन."

"दादा, उगाच नको," बायको भावाला म्हणाली.

पण पंच पेटले होते. शिवाय योगायोगाने बुटांच्या दुकानदाराची गाठ पडली होती. बाजारातलं सर्वांत मोठं दुकान त्याचं. तीनशे चालणारे श्रोते म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. शर्यत पुन्हा भरवायचा सगळा खर्च तो उचलणार होता, एका अटीवर. "मला तुमची माणसं दाखवा," तो म्हणाला. "माणसं राहू द्या, मला त्यांचे पाय दाखवा. पाय बघितला की गिऱ्हाईक मला कळतं."

म्हणून श्रोत्यांचा मेळावा ठरला. सभागृह मिळवायला पंचांना वाचनालयाच्या कचेरीत तीन खेपा घालाव्या लागल्या, कारण अर्जात कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा होता आणि कारकुनाकडे चालण्याचा प्रकार नव्हता. नृत्य होतं, व्याख्यान होतं, योगासनं होती. "योगासनं लिहू?" कारकून म्हणाला. पंच म्हणाले, "एक वेळ मेळावा रद्द करीन." अखेर 'व्याख्यान, बसून' असं लिहून काम भागलं.

निमंत्रण त्यांनी रविवारच्या लेखात दिलं. लेखाच्या शेवटी. सूचना नेहमी शेवटी द्यायच्या असतात; आधी विषय, मग सूचना, हे पंचांना शाळेपासून पाठ होतं. तेव्हा गुडघ्याच्या वाटीवरचा पाऊण तासाचा लेख झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि स्थळ, दिवस, वेळ दोनदा सावकाश सांगितली. मग बायकोला गॅलरीतून आत बोलावलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी पंचांनी भाषणाचे कागद तीनदा मोजले. कोणी आलंच नाही तर? शर्यत गेली, अब्रू गेली, आणि मेहुणा मरेपर्यंत हसणार. बायकोने त्यांच्या शर्टाला इस्त्री केली आणि म्हणाली, "येतील हो. काळजी करू नका."

"तुला काय माहीत?"

"येतील," ती म्हणाली.

आणि खरंच आले! अकरा वाजायच्या आत खुर्च्या भरल्या, मागे बाकं टाकावी लागली. मेहुणा पहिल्या रांगेत बसून मागे वळून वळून मोजत होता आणि त्याचं तोंड उतरत चाललं होतं. बूटवाला पाय मोजायची लोखंडी पट्टी घेऊन दाराशीच बसला होता. मात्र आलेला एकही पाय त्याला बूट घातलेला दिसला नाही. सगळ्या मऊ चपला. एक निवृत्त मुख्याध्यापिका काठी टेकत आल्या. एक दाढीवाले गृहस्थ आले, ते गाद्यांच्या दुकानाचे मालक. सगळे साठीपुढचे, सगळे प्रसन्न, ताजेतवाने. आल्या आल्या प्रत्येकजण आधी पंचांच्या बायकोशी बोले आणि तोंड उघडून तिला काहीतरी दाखवी. पंचांना हे जरा विचित्र वाटलं, पण त्या वेळी ते भाषणाच्या कागदांत होते.

"चालणं म्हणजे काय," पंचांनी सुरुवात केली, "याचा विचार करताना आपण प्रथम टाचेकडे वळू."

पंच आयुष्यात इतकं छान बोलले नव्हते. टाचेवरून ते घोट्यावर आले. घोट्यावरून पोटरीवर. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, अशी शांतता. किती तन्मयता ही, पंचांच्या मनात आलं आणि त्यांनी कौतुकाने कागदावरून डोळे उचलले.

मुख्याध्यापिकांची मान छातीवर आली होती. त्यांच्या शेजारचे दोघे एकमेकांच्या खांद्यावर टेकले होते. गादीवाल्यांनी तोंड उघडं टाकलं होतं. मागच्या बाकांवर तर कोणी बसलेलंच दिसत नव्हतं. सगळे आडवे होते. पंचांनी आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही, उलट एकाने झोपेतच समाधानाने कूस बदलली. "गुडघा!" पंच जवळजवळ ओरडले, आणि तो शब्द ऐकताच शेवटचे जे दोन-तीन जण तग धरून होते तेही गेले.

मेहुणा मात्र जागा होता. तो तोंडावर रुमाल धरून गदगदा हसत होता. खुर्ची हलत होती. पंचांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोर घर जळत असलं तरी पंच शर्यत अर्धवट सोडत नाही. ते नियमाचं दुसरं पोटकलम वाचू लागले. रुमाल हळूहळू खाली आला. मेहुण्याचं हसू सैल पडलं, डोळे जड झाले, आणि तिसऱ्या पोटकलमाला सभागृहात पहिली घोरण्याची आरोळी उठली, ती त्याची.

बूटवाला पट्टी काखेत मारून चवड्यांवर बाहेर पडला. दार लावतानाही त्याने आवाज होऊ दिला नाही, एवढा तो सज्जन होता.

मंडळी जागी झाली तेव्हा एक वाजून गेला होता. मग सगळा उलगडा झाला. मुख्याध्यापिकांनी पंचांचे हात हातात घेतले. "नवी कवळी बसवली तेव्हापासून माझी झोप उडाली होती हो. तुमच्या मिसेसनी मला हे लावून दिलं. तेव्हापासून देवमाणूस म्हणते मी तुम्हाला! गुडघ्याच्या त्या नियमापुढे मी कधी गेलेच नाही."

"मी टाचेपुढे नाही गेलो," गादीवाले म्हणाले. "स्वतःच्या दुकानातली प्रत्येक गादी घरी नेऊन बघितली. दोन वर्षं डोळा लागला नव्हता. मी कोणाला सांगणार? गादीवाल्याला झोप येत नाही म्हणून?"

मग ती सगळी आकडेवारी पंचांसमोर दात काढून हसू लागली. श्रोते सगळे बायकोने बनवलेल्या कवळ्या लावणारे. कवळीवाल्यांनी भावाला सांगितलं, भावाने सासूला सांगितलं. मेळाव्याचं निमंत्रणही कोणी ऐकलं नव्हतं. ते शेवटी होतं. दवाखान्यात येईल त्याला पंचांच्या बायकोने तोंडी सांगितलं होतं.

घरी येताना पंच बायकोपासून चार पावलं पुढे चालले. गुडघे अगदी सरळ ठेवून. घरात शिरल्यावर म्हणाले, "माझी थट्टा केलीस तू गावभर."

"थट्टा कसली त्यात? त्यांना झोप हवी होती, तुम्हाला माणसं हवी होती."

"मला ऐकणारी माणसं हवी होती!"

त्याच संध्याकाळी पंचांनी ब्लॉग बंद केला. चार दिवसांत कवळ्यांच्या दवाखान्यात रांग लागली. झोप उडाली की माणसाला काहीतरी टोचायला लागतं, आणि तोंडात कवळी असेल तर तीच टोचते. डॉक्टर पंचांच्या बायकोवर उखडले. ती मुकाट्याने कवळ्या घासत राहिली. घरी येऊन तिने पंचांना एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्यामुळे पंचांना जास्तच राग आला. मेहुण्याचाही फोन आला. त्याच्या आवाजात जावईबापू नव्हता. "भाऊजी," तो ओशाळून म्हणाला, "तो टाचेचा लेख... कुठे मिळेल का?"

मान गेला तो गेला, शर्यतही गेली. अशा अवस्थेत त्यांना तो एक आठवला. लेख संपताच हाताने बंद करणारा! ज्याला त्यांनी दीडशहाणा म्हटलं होतं. अहो, बंद करायला माणूस जागा असावा लागतो! तीनशे बारांतला तो एकटा दर आठवड्याला शेवटच्या शब्दापर्यंत जागा होता. पंचांच्या अंगात पुन्हा जीव आला. या माणसाला शोधून काढायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, तुमच्यासाठी लिहीन.

त्यांनी कंपनीला फोन लावला. संगीत ऐकलं. आवडत्या खेळाडूचं वाक्य उद्गारचिन्हासकट म्हटलं.

"सर, नाव आम्ही सांगू शकत नाही," मुलगी म्हणाली. "पण इतकं सांगते, तो फोन तुमच्याच घराच्या इंटरनेटवरून चालतो."

पंच तडक वरच्या मजल्यावर गेले. "सेक्रेटरी! तुम्ही माझं इंटरनेट वापरता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तुम्ही शेवटपर्यंत ऐकता, हे मला आधी का नाही सांगितलंत?" आणि त्यांनी सेक्रेटरींना मिठी मारली.

सेक्रेटरी गुदमरत म्हणाले, "पंच, मी इंटरनेट वापरतो, कबूल. पण क्रिकेट बघायला. तुमचं मी एकदा लावलं होतं आणि माझा डबा गॅसवर करपला."

पंच सावकाश जिना उतरले. प्रत्येक पायरीवर त्यांच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, आणि दारापाशी येईतो एकच नाव उरलं. ती गॅलरीत स्टुलावर बसली होती. कानात वायर होती. त्यांना पाहून तिने ती काढली.

"काय ऐकतेस?"

"ब्लॉग तुम्ही बंद केलात. फोनमध्ये एक उतरवून घेतला होता."

"तू... सगळे ऐकतेस? शेवटपर्यंत?"

"हो."

"झोप नाही येत?"

"येते की. पण चिमटा काढून जागी राहते."

"तुला आवडतो हा खेळ? इतकी वर्षं बोलली नाहीस कधी."

"खेळातलं मला काही कळत नाही हो," ती म्हणाली. "गुडघा वाकला काय आणि नाही वाकला काय. दादाचा वाकला होता तेवढं मात्र मला तेव्हाही दिसलं होतं." मग तिने वायर त्यांच्या कानात घातली आणि बटण दाबलं. "शेवट ऐका. तुम्ही कधी ऐकत नाही ना परत."

पंचांना स्वतःचा आवाज ऐकू आला. वाटीवरचं शेवटचं वाक्य. घसा साफ केलेला. स्थळ, दिवस, वेळ. मग शांतता. मग कागद बाजूला ठेवल्याचा आवाज, आणि त्यानंतर एक वेगळाच आवाज, जो पंचांना पटकन स्वतःचा वाटेना. हळू, मऊ, पंचाचा नसलेला. "झालं गं. ये आता आत. उन्हात बसून दमलीस ना?"

"सगळ्या लेखांच्या शेवटी आहे," बायको म्हणाली. "हाक मारता तेव्हा मशीन चालूच असतं, डोळ्यांवर चष्मा नसतो म्हणून. एरवी दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलता ते मीटरच्या तक्रारीला उत्तर दिल्यासारखं. हे एवढं एक वाक्य... म्हणून ऐकते. ते झालं की बंद करते."

पंचांना वाटलं की आपण मोठ्याने रडणार. ते रडलेही. वरून सेक्रेटरींनी डोकावून पाहिलं आणि चटकन डोकं आत घेतलं.

शर्यत मग झाली. खर्च गादीवाल्यांनी केला. प्रत्येक स्पर्धकाच्या छातीवरच्या नंबराखाली त्यांच्या दुकानाचं नाव होतं. त्यांची एकच अट होती, की ब्लॉग पुन्हा सुरू व्हावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो मनोरंजक करू नये. पंचांना ही अट महिन्याभरापूर्वी जिव्हारी लागली असती. आता त्यांनी तिच्याखाली सही केली. मेहुणा शब्द पाळून उतरला, पहिल्या फेरीत धापा टाकू लागला, दुसऱ्या फेरीत त्याचा गुडघा वाकला, आणि पंचांनी कार्ड काढायच्या आत त्याने स्वतःच हात वर केला.

त्या रविवारी पंचांनी शर्यतीवर लेख लिहिला आणि रेकॉर्डिंगची तयारी केली. पंखा बंद केला. फ्रिजची पिन काढली. बायको नेहमीप्रमाणे स्टूल उचलून गॅलरीकडे निघाली, तसे ते पुढे झाले आणि त्यांनी स्टूल तिच्या हातातून काढून घेतलं.

"आजपासून तू आत बस," ते म्हणाले. "माझ्या शेजारी. झाकणं वाजव हवी तर."

तिने स्टूल परत घेतलं. "नको, मी बाहेरच बसते," ती म्हणाली. "आत बसले तर शेवटी हाक कोणाला माराल?"